गावाकडील वसंत : वापरण्याची पद्धत

वसंत ऋतू म्हणजे चैत्र आणि वैशाख. पंचांगात तो दोन महिने असतो. नोकरदाराला रजेच्या नियमांप्रमाणे साडेचार दिवस मिळतो. तेवढ्यात निसर्ग, बागकाम आणि हस्तकला असे तिन्ही उरकायचे, तर शिस्त हवी. पुढील मार्गदर्शन रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आत्याच्या घरी सलग काही वर्षे केलेल्या प्रयोगांवर आधारलेले आहे. प्रयोगांचा खर्च आत्याने सोसला.

1. पूर्वतयारी

निघण्यापूर्वी आत्याला फोन करून ‘चार दिवस वसंत अनुभवायला येतोय’ असे कळवावे. पलीकडे थोडा वेळ शांतता पसरेल. मग उत्तर येईल, ‘ये की! पातेरा गोळा करायला हल्ली माणूसच मिळत नाही.’

इथे एक गोष्ट समजून घ्यावी. वसंत हे गावात फारतर एखाद्या काकांचे नाव असते. ‘वसंत आला का?’ असे विचारलेत, तर ‘बँकेत गेलाय, येईल जेवायला’ असे सांगतील. आपण ज्याला वसंत म्हणतो त्या काळाला तिथे एकच नाव आहे : आगोटीची तयारी. 7 जूनच्या सुमारास मृग लागतो आणि पुढचे चार महिने उन्हाचा भरवसा नसतो. म्हणून वाळवायचे, साठवायचे, शाकारायचे ते सगळे आत्ताच.

सोबतचे साहित्य : मनातून उतरलेला एक शर्ट (काजूच्या बोंडूचा डाग जन्मात जात नाही), टोपी आणि खोबरेल तेलाची बाटली. काठी तिथेच मिळेल. तिचा उपयोग शेवटी सांगितला आहे.

2. निसर्गनिरीक्षण

घाटातून जाणाऱ्यांनी वाटेत पळस पाहून घ्यावा. कुठेही गेलात तरी पळसाला पाने तीनच, असे म्हणतात. ऐन फुलोऱ्यात गेलात तर तीही नसतात. निष्पर्ण फांद्यांवर नुसता केशरी जाळ. म्हण खरी की खोटी हे तपासायला आलेल्याने पावसाळ्यात पुन्हा यावे.

झाडांना मिठी मारण्याची सध्या पद्धत आहे. त्यासाठी पांगारा आणि काटेसावर निवडू नये. पांगाऱ्याचे एक वेळ माफ. सावरीने तर नावातच पूर्वसूचना दिलेली आहे.

पहाटे चारला कुहूकुहू सुरू होईल. तेव्हा अंथरुणातून ‘कोकिळा काय गोड गाते!’ असे म्हणू नये. गातो तो नर. मादी तपकिरी, अंगभर ठिपक्यांची, आणि कावळ्याच्या घरट्यात अंडे कसे सरकवावे या विवंचनेत असते. म्हणजे एकाने दिवसभर वातावरणनिर्मिती करायची आणि दुसरीने पुढची व्यवस्था बघायची. ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून आंब्याच्या भावाविषयी बोलणारे काका आणि स्वयंपाकघर, खळे व गोठा यांत एकाच वेळी दिसणारी आत्या पाहिली की हे पक्षिशास्त्र चटकन समजते.

3. बागकाम

बागकाम म्हणजे कुंडीत मोगरा लावणे, हा समज गाडीतच सोडून यावा. पहिल्या सकाळी हाती टोपली येते आणि आंब्या-फणसाखालचा पातेरा गोळा करायचा असतो. त्यातला काही गोठ्यात, काही खताच्या खड्ड्यात, काही भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी. ‘पानगळीतही केवढे सौंदर्य असते’ असे वाक्य सुचल्यास ते टोपली भरल्यावर उच्चारावे.

दुसरी पायरी झेल्याची. झेला म्हणजे लांब बांबूच्या टोकाला पाते आणि जाळी. आंबा देठासकट उतरवायचा. देठ निखळला की चीक सालीवर ओघळतो आणि फळ डागते. पहिल्या दिवशी मी नऊ आंबे उतरवले. त्यांतला एक जाळीत होता. त्यानंतर माझी बदली परसात, भोपळ्या-पडवळांची आळी करण्याकडे झाली. अक्षय्य तृतीयेला वेलाचे बी टोचले तर वेल भरभरून धरतो, अशी श्रद्धा आहे. मी बी टोचले ते दुसऱ्या दिवशी कोंबड्यांनी उकरून खाल्ले. कोंबड्यांचीही काही श्रद्धा असेल.

4. हस्तकला

शहरात हस्तकलेच्या वर्गाला शुल्क असते आणि शेवटी प्रमाणपत्र मिळते. इथे दोन्ही नाही.

झाप : नारळाची झावळी भिजवावी, मधोमध चिरावी आणि एकाआड एक पात घालत विणत जावे. आत्याच्या हाताखाली ती चटईसारखी सरळ उतरते. माझा झाप तिने बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता खुराड्यावर टाकला. कोंबड्या तीन रात्री बाहेर झोपल्या.

आमसुले : रातांबे फोडून साले वेगळी करावीत, मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवावीत, उन्हात घालावीत, संध्याकाळी पुन्हा बुडवावीत. ती काळसर होईपर्यंत हे दिवसचे दिवस चालते. हाताचा रंग सालींच्या आधी पक्का होतो.

फणस : आधी हाताला आणि विळीला खोबरेल चोपडावे. हे वाक्य लोक नंतर वाचतात.

5. मुख्य कृती

तिसऱ्या दिवशी आत्या म्हणेल, ‘तू असं कर. काठी घे आणि वाळवणापाशी बैस.’

ही बढती की बडतर्फी, याचा विचार करू नये. हे काम परंपरेने आठ वर्षांच्या नातवाचे किंवा ऐंशी वर्षांच्या आजोबांचे, म्हणजे ज्यांच्याकडून दुसरे काही होत नाही त्यांचे. खळ्यात पोह्यांचे पापड, कोहळ्याचे सांडगे, तांदळाच्या फेण्या पसरलेल्या. आपण आंब्याच्या सावलीत पाटावर. कावळा आला की काठी आपटायची, बास.

पहिला तास जड जातो. मग हळूहळू एकेक दिसू लागते. समोरच्या डोंगरावर बहाव्याचे पिवळे घोस. गडग्यावरून सावकाश जाणारा सरडा. वाऱ्याची झुळूक आली की मोगऱ्याचा वास आधी आणि गोठ्याचा नंतर. दूर कुठेतरी पावशाचे ‘पेरते व्हा, पेरते व्हा’. आणि माडाच्या शेंड्यावर कावळ्याचे घरटे. मघाशी पळवलेली फेणी तिथेच गेली. खाणारे पोर कावळ्याचे की कोकिळेचे, हे खालून कळत नाही; बहुधा कावळ्यालाही कळत नसावे.

खबरदारी : राखणदाराने अर्धवट वाळलेली फेणी खाऊ नये. ती फार चविष्ट लागते.

6. हिशेब

उन्हे उतरली की आत्या वाळवण गोळा करायला येते आणि गोळा करताकरता मोजते. तिला आकडा पाठ असतो.

‘चार कमी आहेत.’

‘कावळा, आत्या.’

‘कावळ्याने दोन नेल्या. मी आतून बघत होते.’

अशा वेळी बहाव्याकडे पाहावे. आत्या सूप काखेला लावते, काठी भिंतीला टेकवून ठेवते आणि आत जाताजाता म्हणते, ‘घालतानाच चार जास्त घातल्यात. उद्या टोपी घालून बैस, ऊन लागेल.’