पेंग्विनवाले

ऑफिसात त्यांना सगळे पेंग्विनवालेच म्हणतात. लॅपटॉपच्या झाकणावर, पाण्याच्या बाटलीवर, एवढंच काय, डब्याच्या पिशवीवरही लिनक्सचा तो गोलमटोल पेंग्विन. कॅन्टीनमध्ये कुणी 'आज मशीन फार हँग होतंय' म्हणायचा अवकाश, यांची खुर्ची जवळ सरकलीच. मग १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हौसेखातर सुरू केलेल्या उद्योगापासून कथा लागते. जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक, खिशातला अँड्रॉइड फोन, केरळच्या सरकारी शाळा असं करत करत ती संपते, तोवर ऐकणाऱ्याचा चहा गार.

मॅनेजरसाहेबांपुढे मात्र ही पोथी चालत नाही.

"लायसन्स कितीला पडेल?"

"फुकट, साहेब!"

इथेच घोडं पेंड खातं. तीन कोटेशनं आल्याशिवाय साहेब रिफिलसुद्धा घेत नाहीत. फुकटाचा तुलनात्मक तक्ता ते मांडणार कसा? शिवाय टॅलीचं काय, डिजिटल सहीच्या डोंगलचं काय, हे त्यांचे प्रश्न काही अगदीच खुळे नव्हेत. पेंग्विनवाले त्यावर 'मार्ग आहेत' म्हणतात, पण जरा हळू आवाजात.

साहेबही कच्चे नाहीत. एकदा त्यांनी घरून अभ्यास करून आल्यासारखं विचारलं, "म्युनिकच्या महापालिकेने सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर यायचं ठरवलं. ते का हो?"

"ते राजकारण होतं, साहेब."

"मग आपल्याकडे नाही का?"

पण ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुनी मशिनं विंडोज ११ घेईनात आणि नव्यांचं कोटेशन पाहून साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पेंग्विनवाल्यांना केबिनमध्ये बोलावणं आलं.

"स्टोअरच्या एका मशीनवर टाकून बघा. पण बिघडलं तर मी ओरडायचं कुणावर? कंपनी नाही, डीलर नाही, एएमसी नाही."

"माझ्यावर ओरडा, साहेब!" पेंग्विनवाल्यांचा गळा भरून आला होता.

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. "एवढं लिहून द्या."

स्टोअरचं मशीन आता बिनतक्रार चालतं. पण शेजारच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, की स्टोअरकीपर पेंग्विनवाल्यांना फोन लावतो आणि ते कुरकुरले, तर त्या कागदाची झेरॉक्स दाखवतो.