एलडॅपचा पत्ता एलडॅपलाच विचारा

वागळे इस्टेटमधील एका कार्यालयाच्या युनिक्स सर्व्हरांचे जाहीर अभिनंदन केले पाहिजे. तेथे कर्मचाऱ्यांची सगळी नोंद एकाच एलडॅप सर्व्हरवर आहे. कोणती माहिती आधी कुठे शोधायची, हे मशीनला सांगणाऱ्या एनएसस्विच.कॉन्फ या फाइलीत, मशीनांचे पत्ते शोधण्याच्या 'होस्ट्स'च्या ओळीतही एलडॅपलाच पहिला मान दिला आहे. परिणामी एलडॅप सर्व्हर कुठे आहे, हे एलडॅपलाच विचारले जाते आणि मशीन उत्तराची वाट पाहत अदबीने थांबते. ३८९ क्रमांकाचे पोर्ट उघडे आहे. पण तिथवर कोणी पोहोचतच नसल्याने सुरक्षाही चोख.

ही शिस्त डोंबिवली स्थानकातही यावी. फास्ट लोकल कोणत्या फलाटावर येणार, याची घोषणा फक्त त्या लोकलच्या डब्यातच व्हावी. जिन्यावरची धावपळ कायमची मिटेल.

कार्यालयात कल्याणहून येणाऱ्या एका नवख्या मुलाने सुचवले, की 'होस्ट्स'च्या ओळीत 'फाइल्स' आधी लिहा आणि सर्व्हरचा पत्ता मशीनवरच्या होस्ट्स फाइलीत नोंदवा. सूचना रीतसर पोर्टलवर टाकावी, असे त्याला बजावण्यात आले. पोर्टलचे लॉगिन एलडॅपवरूनच होते.

महिनाअखेरीस तक्रारी शून्य. विभागाला उत्कृष्ट सेवेचे प्रशस्तिपत्रक मिळाले.