उधळ्या म्हणजे शेजारचा

"काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात हळदीला ड्रोन आणला होता. आमच्या गच्चीवरचे पापडसुद्धा बघून गेला मेला."

"पापडांचं सोड गं. सकाळी घंटागाडी आली तेव्हा मी फाटकातच होते. पनीरची भाजी, जिलब्या, पातेलीच्या पातेली ओतत होते. काय ती उधळपट्टी!"

"भाजीची नासाडी म्हणा, काकू. उधळपट्टी ड्रोनची."

"तेच ते. गेलं ना वाया?"

"तेच ते कसं? अवकाळीनं आमच्या भावाचा कांदा सडला, नासाडी झाली; म्हणून त्याला कुणी उधळ्या म्हणालं का? रानडुकरं मक्यात शिरली की ती नासधूस. उधळपट्टीला माणूसच लागतो, तोही हौशी, आणि खिसा शक्यतो बापाचा."

"नळपट्टीच्या कागदावर ते काय लिहितात, पाण्याचा..."

"अपव्यय. तो शब्द कागदावरच राहतो. पाइप सोडून गाडी धुणाऱ्याला 'अपव्यय करू नका' म्हणून बघा, तो तुमच्याच तोंडाकडे बघत बसेल. 'काय पाणी घालवतोस रे' म्हटलं की निदान नळ तरी बंद करतो."

"बरं, तू एवढी हुशार, तर मला सांग. सोमवतीला जेजुरीला पोत्यांनी भंडारा उडतो. हळद काय फुकट येते? ती नाही का उधळपट्टी?"

"काकू! ती उधळण. देवाचं नाव आलं की 'पट्टी' गळून पडते. गेल्या खेपेला तुम्हीच खोबऱ्याचे तुकडे पिशवी भरून नेले होते."

"नवस होता तो."

"नवसाची उधळण, हौसेची उधळपट्टी. निवडणुकीतही तसंच. आला निवडून की गुलालाची उधळण, ट्रकच्या ट्रक. पडला की तोच खर्च, पण घरची म्हणतात, बापाची जमीन उधळली. आणि बैल उधळतो तो वेगळाच. त्यात मात्र खर्च नाही, नुसतं पळणं."

"खर्च नाही कसा? पोळ्याला आमच्या चुलत दिरांचा बैल उधळला तो थेट भांड्यांच्या दुकानात शिरला. भरून द्यावे लागले."

इतका वेळ व्हरांड्यात पेपर धरून बसलेल्या काकांना आता राहवेना. कान इकडेच होते, पान काही उलटत नव्हतं.

"सुप्याचं ठाऊक आहे का तुम्हाला?"

"झालं. आता इतिहास," काकू म्हणाल्या.

"अगं, लांबचा नाही, आपल्या बारामती तालुक्यातलाच. 12 मे 1875. सुप्यात लोकांनी सावकारांची दुकानं फोडली. धान्यही नेलं, पण खरी नजर चोपड्यांवर. खतं, रोखे हुडकून काढले आणि जाळले. मग दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारनं आयोग नेमला. तोवर वरच्यांचं एकच पालुपद होतं, कुणबी लग्नात उधळतो आणि मग बुडतो. आयोगानं चौकशी केली आणि अहवालात लिहिलं, की कर्जबाजारीपणाचं कारण म्हणून लग्नाच्या खर्चाला अवास्तव महत्त्व दिलं गेलंय."

"मग बुडाले कशानं?"

"अमेरिकेत यादवी चालू होती तोवर आपल्याकडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. सावकार मागेल तेवढं देत होता. 1865 ला ती यादवी संपली, भाव उतरले, आणि पुढे सरकारनं शेतसारा वाढवला. आता बुडायला आणखी काय लागतं? मांडवातल्या चार पंगती?"

"म्हणजे लग्नात उधळा, असं म्हणताय तुम्ही?"

"मी कुठं म्हटलं? जोतिबा फुल्यांनी 1873 ला सत्यशोधक समाज काढला, तोही कमी खर्चात लग्नं लावा म्हणूनच सांगत होता. पण ते घरच्या माणसाचं सांगणं. सारा वाढवणाऱ्यानं रयतेला उधळ्या म्हणायचं, हे म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा."

काका पुन्हा पेपरात शिरले. काकूंनी आवाज उतरवला.

"काही म्हण, कोपऱ्यावरच्यांनी मात्र पतसंस्थेतून काढलंय म्हणे."

"कोण म्हणालं?"

"दूधवाला."

"त्याला काय ठाऊक?"

"त्याचंही कर्ज तिथंच आहे ना. पोरीच्या लग्नाचं."

"अगंबाई! पण त्याच्या पोरीच्या लग्नात कुठं ड्रोन होता?"

"ड्रोन नव्हता. पण घोडा होता, बँड होता, आणि वऱ्हाडाला आइस्क्रीम दोनदा वाढलं. मी खाल्लं की."

"तेव्हा नाही म्हणालात उधळपट्टी!"

"छान होतं गं आइस्क्रीम. बरं, ते राहू दे. संध्याकाळी रिसेप्शनला जायचंय ना? पाकिटात किती घालतेस ते आत्ताच सांग. मागच्या वेळी तू एक हजार एक घातलेस आणि मी दोनशे एक. महिनाभर गल्लीत चिक्कू म्हणून मीच गाजले."