तीन नंबर

स्टार्टअपमध्ये म्हातारं व्हायला सहा वर्षं पुरतात. आमचा तीन नंबर एकतिसाव्या वर्षीच झालाय. आयडी कार्डावर ००३ हा आकडा आहे आणि तो दिसावा म्हणून कार्ड सदैव गळ्यात, सुलट. एक आणि दोन नंबर म्हणजे दोघे संस्थापक. ते पैसे उभे करायला मुंबई-बंगळूरला फिरत असतात. त्यामुळे घराण्याची परंपरा सांभाळायला जागेवर उरतो तो हाच.

कोथरूडच्या सोसायटीतला टू बीएचके सोडून कंपनी बाणेरला काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर गेली, तेव्हापासून याचं सुतक फिटलेलं नाही. २०२२ साली चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकं लावून पाडला, तेव्हा हा टाळ्या वाजवत होता. पण फ्लॅटची किल्ली मालकाला परत देताना त्याचा हात सुटेना.

‘आपल्या जुन्या ऑफिसात’ या तीन शब्दांशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नाही. काय होतं जुन्या ऑफिसात? हॉलमध्ये सेल्स, मास्टर बेडरूममध्ये कोडिंग, ओट्यावर राउटर आणि खासगी फोनसाठी बाथरूम. “पाण्याचा आवाज येतोय,” असं एका ग्राहकाने म्हटल्यावर “पुण्यात पाऊस आहे” असं ऐन एप्रिलमध्ये सांगणारा हाच. टेबल टेनिस जेवणाच्या टेबलावर, खालच्या काकू वर येईपर्यंत. एखाद्या गुरुवारी पाणी बंद असलं की सगळे समोरच्या अमृततुल्यात. कंपनीचे मोठे निर्णय म्हणे त्याच गुरुवारी झाले. ‘व्यावसायिक वापर त्वरित बंद करावा’ ही सोसायटीच्या चेअरमनांची नोटीस त्याने फ्रेम करून घेतली आहे. नव्या ऑफिसात लावायला गेला, तर खिळा ठोकायला भिंतच सापडेना. सगळी काच.

नवा माणूस रुजू झाला की हा त्याला कॉफी मशीनपाशी गाठतो. सुरुवात थेट इन्फोसिसपासून. १९८१ साल, हेच पुणे, सुधा मूर्तींनी दिलेले १०,००० रुपये. मग जरा थांबून गाडी कोथरूडला येते. ती मंडळी पुढे पुणं सोडून बंगळूरला गेली, हे तो गाळतो. जागा बदलल्यावर कंपनी मोठी होऊ शकते, हा तपशील त्याच्या कथेला अडचणीचा आहे.

कंपनीची वाढ तो कायद्याच्या कलमांनी मोजतो. दहा माणसं झाली, तक्रार समिती आली. वीस झाली, पीएफ आला. पन्नास झाली, पाळणाघराची सोय करावी लागली. “पाळणाघर!” तो कपाळाला हात लावतो. “अरे, आपण तिथे सतरंजीवर झोपायचो!” सकाळी साडेनऊला स्वतःच्या मुलीला त्याच पाळणाघरात सोडून तो हे बोलायला मोकळा होतो.

मीटिंग रूमना किल्ल्यांची नावं दिली, तेही त्याला खटकतं. “तोरणा अकरा ते बारा सेल्सने घेतलाय” असलं काही ऐकलं की त्याचं रक्त तापतं. पगारवाढीची बोलणी पुरंदरात होतात. ही खोली निवडणाऱ्याला इतिहास माहीत नसावा, किंवा फारच चांगला माहीत असावा. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले. यंदा याच्या हाती पाच टक्के आणि पुन्हा थोडे शेअर पडले. शेअर कागदावर आहेत. “माझी कंपनीत मालकी आहे,” असं बायकोला सांगितलं की ती फ्लॅटच्या हप्त्याची तारीख सांगते.

एचआरच्या मॅडमनी काचेवर ‘आपण एक कुटुंब’ असं स्टिकर लावलं. याने ते वाचलं आणि म्हणाला, “आपल्या जुन्या ऑफिसात भांडलेले दोघे एकाच स्कूटरवरून घरी जायचे. काही लिहावं लागायचं नाही.” मॅडमनी ते वहीत टिपून घेतलं. पुढच्या शुक्रवारी ‘टीम बाँडिंग’मध्ये सगळ्यांना दोघादोघांनी एका खुर्चीवर बसवलं.

त्याला कोणी हात मात्र लावत नाही. पैसे वसुलीचा जुना कोड त्याने लिहिलेला आहे आणि त्यावर ‘तात्पुरतं, सोमवारी नीट करू’ अशी टीप आहे. तो सोमवार सहा वर्षांत उगवला नाही. मध्यरात्री व्यवहार अडकले की काचेच्या इमारतीतले सगळे त्यालाच फोन करतात. पहिल्या रिंगला उचलतो, दहा मिनिटांत दुरुस्त करतो, आणि मग अर्धा तास जुन्या ऑफिसबद्दल बोलतो. ती त्याची फी.

परवा कॉफी मशीनपाशी एक इंटर्न दुसऱ्या नव्या मुलाला सांगत होती, “पूर्वी इथलं वातावरण वेगळंच होतं रे. आता मजा राहिली नाही.” तीन आठवड्यांपूर्वी रुजू झालेली मुलगी. तीन नंबर मागेच उभा होता. लाखो रुपये खर्चून मॅडमना जे रुजवता आलं नाही, ते याने फुकटात रुजवलं होतं. कंपनीला अखेर स्वतःची संस्कृती लाभली होती.

याला मात्र संताप आवरेना. “महिना नाही झाला हिला,” तो मला म्हणाला, “हिला कोणी दिला अधिकार?”