लांबूनच नमस्कार

श्रावणात सह्याद्रीच्या एखाद्या घाटात गाडी थांबवली की करवंदीच्या जाळीत काहीतरी पेटलेलं दिसतं. हातातली गरम भजी बाजूला ठेवून माणसं मोबाइल काढतात. ही कळलावी. कळी असते तोवर खाली मान घालून सालस दिसते. उमलली की सहाही पाकळ्या मागे भिरकावून देते. त्या बुडाशी पिवळ्या, टोकाशी लाल, आणि दिवस जातील तशा सगळ्याच लाल. आपला रंग वयाबरोबर उडतो, हिचा चढतो.

तोरा एवढा, पण स्वतःच्या पायावर उभं राहायचं नाव नाही. पानाचं टोकच गुंडाळी होऊन शेजारच्या फांदीला विळखा घालतं. सोयरिकीच्या बाबतीत मात्र बाई चोखंदळ. स्त्रीकेसराचा दांडा जवळजवळ काटकोनात बाहेर वळलेला, म्हणजे घरचेच पराग अंगाला लागायला नकोत!

हिच्या अंगात मुळापासून बीपर्यंत कोल्चिसिन नावाचं विष असतं. पेशींचं विभाजनच ते रोखून धरतं. कंदात आणि बियांत जास्त. श्रीलंकेत रताळं समजून हा कंद खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. शिजवल्यानंही हे विष मरत नाही. आयुर्वेदानं हिला उपविषांत बसवलंय, तर आधुनिक डॉक्टर तेच कोल्चिसिन अगदी मोजून, गाऊटनं सुजलेल्या अंगठ्यासाठी देतात. तमिळनाडूनं तर हिला राज्यफूल केलं, शिवाय बियांसाठी शेतीही मांडली. कोकणात काही ठिकाणी ही ‘गौरीचे हात’ म्हणून पूजेत मानानं बसते.

आपल्याकडे कुणी म्हणतं, कळलावी दारात लावली की घरात भांडणं होतात. वेलीवर हा आळ उगाच. पंख्याचा वेग आणि टीव्हीचा रिमोट एवढ्यावर आपलं व्यवस्थित भागतं.

खरा उपद्रव उलट्या बाजूनं आहे. औषधासाठी रानातले कंद इतके उपसले गेले की काही भागांत ही वेल दिसेनाशी झाली. एवढं विष बाळगूनही तिला माणसापासून वाचता आलं नाही. तेव्हा फोटो हवे तेवढे काढा. तोडू नका, चाखू नका, मुलांच्या हाती देऊ नका. आणि कंद जमिनीतच राहू द्या. वेल दिवाळीच्या सुमारास वाळून जाते, पण पुढच्या पावसात ती जमिनीतल्या कंदातून पुन्हा फुटते.