कलमाने आलेले तारुण्य

च्यवनऋषींचे वार्धक्य हरण करण्यासाठी साक्षात अश्विनीकुमारांना पाचारण करावे लागले होते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने मात्र २०२४ साली तेच कार्य एका कलमाने उरकले. जो भारतीय खेळाडू पाच वर्षे आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला नसेल, त्याची नोंद आयपीएलच्या दप्तरी ‘अनकॅप्ड’, म्हणजे जणू देशाकडून अद्याप खेळावयाचाच आहे अशा उमेदवारांत व्हावी, हा मध्यंतरी रद्द झालेला नियम पुनश्च अमलात आला आणि दोन विश्वचषक मिळवून देणारे, त्रेचाळीस वर्षांचे महेंद्रसिंह धोनी रातोरात होतकरू ठरून, पूर्वीच्या १२ कोटींऐवजी ४ कोटींत चेन्नईच्या पदरी राहिले. सौदा महाग पडला काय? धावांच्या जमाखर्चाने पाहू जाता, २०२५ च्या मार्चमध्ये बेंगळुरूविरुद्ध ते सामना हातचा गेल्यावर नवव्या क्रमांकावर अवतरले आणि मोसमाअखेर संघ तळाशी होता. परंतु ज्या मैदानावर आपलाच फलंदाज बाद झाल्याचा जयघोष केवळ पुढे कोण येणार या आशेने होतो, तेथे धावा हा दुय्यम महसूल होय. शिवाय होतकरू खेळाडूस थोडा अवधी द्यावयास हवा, हे तर निवड समित्यांचे जुनेच धोरण आहे.