ब्रह्मांडाच्या आड लपणाऱ्या भाऊसाहेबांस खुले पत्र

भाऊसाहेब,

परवा रात्री नालवाडीत रस्त्याच्या कडेला तुमचा ट्रॅक्टर थांबला, ट्रॉली उलटली आणि पाडलेल्या घराचा मलबा, फुटक्या ट्यूबलाइट, रंगाचे डबे, सगळं नालीत गेलं. आम्ही चार जण धावत आलो. तुम्ही मडगार्डवरून उतरलाही नाहीत. बसल्या जागेवरून म्हणालात, "एवढ्या मोठ्या ब्रह्मांडात एका ट्रॉलीनं काय फरक पडते?"

ब्रह्मांड मोठं आहे, कबूल. आपल्या एका आकाशगंगेतच शंभर अब्जांहून जास्त तारे आहेत. पण हे तुम्हाला ट्रॉली रिकामी करतानाच कसं आठवलं? प्लॉटच्या मोजणीत वीतभर जागेवरून तुम्ही तंटा करता, तेव्हा ब्रह्मांड कुठे जातं?

ज्यांचा त्या ब्रह्मांडाशी रोजचा संबंध आहे, ते कसे वागतात ते ऐका. कॅसिनी नावाचं यान तेरा वर्षं शनीभोवती फिरलं. इंधन संपत आलं, तेव्हा त्याला तसंच भरकटू देणं सोपं होतं. पण शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर बर्फाखाली पाणी आहे. तिथे कदाचित जीव असेल आणि यान आदळलं तर पृथ्वीवरचे जंतू त्या पाण्यात जातील, या काळजीने १५ सप्टेंबर २०१७ रोजी ते मुद्दाम शनीच्या वातावरणात घालून जाळून टाकलं. कोणी न पाहिलेल्या, असलाच तर असेल अशा जिवासाठी एवढी खबरदारी! आणि तुमच्या काचांवरून जाणारी पोरं तर रोज तुमच्या डोळ्यांसमोर असतात.

ताऱ्यांना आपल्या पापपुण्याशी काही देणंघेणं नाही, हे मलाही मान्य आहे. पण म्हणून आपल्या नीतीला किंमत नाही, असं होत नाही. आकाशगंगेत आपल्याशी बोलू शकतील असे समाज किती असतील, याचं सूत्र १९६१ मध्ये फ्रँक ड्रेक यांनी मांडलं. त्यातली शेवटची राशी म्हणजे असा समाज किती काळ टिकतो. बाकीच्या बहुतेक राशी तारे, ग्रह आणि जीवसृष्टीच्या हाती. ही मात्र बरीचशी त्या समाजाच्या वागणुकीवर ठरते. अणुबॉम्ब करता येणारी माणसं एकमेकांशी आणि स्वतःच्या पाण्याशी कशी वागतात, यावर ती उरणार की नाही हे ठरतं. विश्व आपला न्याय करायला बसलेलं नाही. आपली घाण आपल्यालाच भोवते, एवढंच.

विज्ञानाला हिंसेची जोड मिळाली तर सर्वनाश, अहिंसेची मिळाली तर सर्वोदय, असं विनोबा सांगत. ते विनोबा १९३२ साली याच नालवाडीत राहायला आले, दलित वस्तीत, सूत कातून मिळेल त्या मजुरीवर जगण्याचा निश्चय करून. त्यांचे सहकारी वाळुंजकर यांनी मेलेल्या जनावरांची कातडी कमावण्याचं चर्मालय इथेच चालवलं. ज्या कामाला लोक नाक मुरडत, ते त्यांनी अंगावर घेतलं. पुढे पवनारहून विनोबा खांद्यावर फावडं टाकून रोज सुरगावला जात आणि तिथला मैला उचलत. 'जय जगत' म्हणणारा माणूस हा. त्याच्या जगात सुरगावची गल्ली होती. तुमच्या ब्रह्मांडात नालवाडीची नाली का नाही?

आणि एक. १९७७ साली सुटलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यात गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, आणि पंचावन्न भाषांतल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या लोकांच्या वतीने दिलेल्या शुभेच्छा. सगळ्यांत तुम्हीही आलात, भाऊसाहेब. तुमच्या वतीने कोणीतरी ताऱ्यांना चांगला शब्द देऊन बसलंय, आणि तुम्हाला शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी नीट वागणं जड जातं. याचा मला मनापासून राग येतो.

रविवारी सकाळी तीच ट्रॉली घेऊन या. फावडी, घमेली आम्ही आणतो, हातही लावतो. काचा आधी वेगळ्या काढाव्या लागतील, तेव्हा जाड हातमोजे आणि एक गोणपाट विसरू नका. मलबा तुमच्याच प्लॉटवर उतरवू. पाया भरायला तो कामी येईल. पावसाळा तोंडावर आहे. नाली त्याआधी मोकळी झाली पाहिजे.

आपला,
नालवाडीचा एक रहिवासी